रफार एकाच्या डोक्यावर, भार दुसऱ्यावर

'मणिकर्णिका' हे नाव सावकाश म्हणून पाहा. लिहिताना अक्षरं पाच: म, णि, क, र्णि, का. रफार चौथ्या अक्षराच्या डोक्यावर. पण कान देऊन ऐका, तो र् मागच्या 'क'ला जाऊन टेकलेला असतो: म-णि-कर्-णि-का. म्हणून छंदशास्त्र 'र्णि'ला लघूच ठेवतं आणि तिच्या आधीच्या 'क'ला गुरू मानतं. डोळ्यांना एक दिसतं, कानांना दुसरंच कळतं, आणि आपल्या जुन्या छंदकारांनी कानावर विश्वास ठेवला!

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. लघू, लघू, गुरू, लघू, गुरू: मणिकर्णिकेच्या मात्रा झाल्या सात.

1842 साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी लग्न झालं आणि तांब्यांची मणिकर्णिका लक्ष्मीबाई झाली. आता हे नाव मोजा. 'ल'च्या पुढे जोडाक्षर, म्हणून तो गुरू. क्ष्मी, बा, ई तर दीर्घच. चारही अक्षरं गुरू, मात्रा आठ. एक अक्षर कमी झालं, तरी एक मात्रा वाढली! दुडक्या चालीच्या नावाची जागा ठाम पावलांच्या नावानं घेतली. असं कुणी ठरवून केलं नसेल, पण बोटांवर मोजताना अंगावर काटा येतो.

हीच नावं फ्रेंच वळणानं म्हणा. तिथे जोर शेवटी जातो: एकीत 'का'वर, दुसरीत 'ई'वर. वाक्यात तर प्रत्येक शब्दाला वेगळा जोर मिळत नाही. अर्थानं बांधलेल्या शब्दगटाच्या टोकालाच तो उमटतो.

शब्द तोडण्याची रीत मात्र ओळखीची वाटते. 'निघणे' या अर्थाचा 'पार्तीर' तुटतो पार्-तीर असा, अगदी आपल्या कर्-णिसारखा. पण 'चित्र' या अर्थाचा 'ताब्लो' होतो ता-ब्लो. तिथे ब् आणि ल जोडीनं पुढच्या स्वराकडे जातात. आपल्या वृत्तांत 'पुत्र' म्हणताना त् मागे रेलतो आणि ऱ्हस्व 'पु' गुरू होतो. व्यंजन कुणाच्या खांद्यावर मान टेकवतं, एवढ्यावरून भाषेची चाल ठरते.

झाशीच्या किल्ल्यात उभे राहाल, तेव्हा लघूला एक टाळी आणि गुरूला दोन देत दोन्ही नावं म्हणा. मुलीच्या नावाला सात टाळ्या, राणीच्या नावाला आठ.