शिशाची मोहोर आणि सीमेवरची रसद

भरलेल्या पोत्याचे तोंड दोरीने आवळायचे, गाठीवर तापवून मऊ केलेले शिसे बसवायचे आणि ते निवण्याआधी त्यावर कोरीव ठसा दाबायचा, इतक्या साध्या कृतीतून तयार होणाऱ्या मोहोरेवर रोमन साम्राज्याच्या प्रांतिक कारभारातील विश्वासाचा मोठा भाग उभा होता. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे कोळशाच्या साध्या शेगडीवरही वितळते. निवताना ते ठशातील बारीक अक्षरे उचलते आणि दोरीच्या पिळांत घट्ट रुतून बसते, मात्र कोणी ते उचकटू पाहिले तर तेच मऊपण उलटते, कारण वाकलेल्या शिशावरचे अक्षर मोडते आणि आगळीक उघडी पडते. विजेच्या मीटरच्या तारेत पूर्वी शिशाचे सील ओवत ते याच गुणासाठी.

अशी मोहोर बहुधा बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसते, पण तिच्या कडाही वाचाव्या लागतात. दर्शनी बाजूला मोहोर करणाऱ्या सत्तेची खूण असते: सम्राटाची प्रतिमा, प्रांताच्या नावाची आद्याक्षरे, किंवा लीजन (रोमन नागरिकांची मुख्य पलटण) अथवा कोहॉर्ट (प्रांतांतून भरती केलेली सुमारे पाचशे शिपायांची साहाय्यक तुकडी) यांचे संक्षिप्त नाव. मागील बाजूला कधी एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाची अक्षरे येतात, म्हणजे तुकडीच्या नावामागे एक जबाबदार माणूसही उभा केलेला असतो. आणि कडेला दोरी जिथून गेली ती छिद्रे शिल्लक राहतात.

ब्रिटनच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स येथील किल्ल्याचे तिसऱ्या शतकाच्या आरंभी रसदतळात रूपांतर करण्यात आले आणि आत वीसहून अधिक धान्यकोठारे उभी राहिली. सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाने २०८ ते २११ या काळात उत्तरेकडे जी मोहीम चालवली, तिचे धान्य येथून जात असे. येथे मिळालेल्या काही मोहोरांवर सेव्हेरस आणि त्याचे पुत्र काराकाला व गेटा यांचे मुखवटे आहेत, पण सम्राटपदाच्या ‘ऑगस्टस’ या बिरुदाच्या संक्षेपातले शेवटचे अक्षर दोनदाच येते. दोन अक्षरे म्हणजे दोन सम्राट. काराकालाला हे पद १९८ मध्ये आणि गेटाला २०९ मध्ये मिळाले, त्यामुळे या मोहोरांचा काळ त्या अकरा वर्षांत बसतो. पुढे काराकालाने भावाची हत्या करवली आणि शिलालेखांवरून त्याचे नाव खरवडून काढले गेले; मातीत पडलेल्या या शिशापर्यंत मात्र तो हुकूम पोहोचला नाही.

जकातीच्या कामातही शिसे वापरात होते. गॉल प्रांतांच्या सीमेवर मालाच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, वसूल होई. त्या प्रदेशातील लियाँ येथे, सोन नदीच्या पात्रात, शिशाच्या मोहोरा मोठ्या संख्येने सापडल्या आहेत.

या विषयाचे खरे भांडार मात्र उत्तर इंग्लंडमधील ब्रफ येथे आहे. तेथे वेर्तेरे नावाचा रोमन किल्ला होता आणि त्याच्याजवळच्या ओढ्याकाठी एकोणिसाव्या शतकात शंभराहून अधिक मोहोरा हाती आल्या. मोहोर जिथे बसवली जाते तिथे ती सहसा पडत नाही. गाठोडे जिथे उघडले जाते तिथे ती टाकली जाते. म्हणून एकाच लहान किल्ल्यापाशी निरनिराळ्या तुकड्यांच्या मोहोरा साचाव्यात, याचा सर्वांत समाधानकारक अर्थ असा दिसतो की ठिकठिकाणचा माल येथे येऊन फोडला जाई, वेगळा केला जाई आणि पुन्हा बांधून पुढे निघे. किल्ल्याची जागाही या अर्थाला दुजोरा देते, कारण कॅटरिककडून कार्लाइलकडे जाणारा स्टेनमोर घाटाचा रस्ता येथूनच जातो. टाकलेले शिसे पुन्हा वितळवण्यासाठी गोळा केले गेले असणेही शक्य आहे, पण त्यासाठीदेखील ते आधी इथवर यावे लागते.

यांपैकी नेर्व्ही लोकांच्या दुसऱ्या कोहॉर्टच्या मोहोरा विशेष बोलक्या आहेत. या तुकडीचा तळ ऑल्स्टनच्या डोंगराळ भागातील व्हिटली कासल येथे होता आणि तिच्या काही मोहोरांच्या मागे ‘मेटाल’ ही अक्षरे आहेत, जी खाणप्रदेशाचा निर्देश करतात. ऑल्स्टनच्या परिसरात चांदीचा अंश असलेले शिशाचे खनिज मिळते. तेव्हा सीमेवर पहारा देणारी ही तुकडी खाणींच्या उत्पन्नावरही देखरेख करत होती, असे अनुमान निघते. एखाद्या कोरीव प्रशस्तीतून जे कळले नसते ते येथे पाच अक्षरांतून कळते.

आत काय आणि किती आहे हे मोहोर सहसा सांगत नाही. ते काम सोबतच्या लेखनाचे होते. विंडोलांडा किल्ल्यात सापडलेल्या, सुमारे इ. स. १००च्या एका लाकडी पत्रात ऑक्टेव्हियस नावाचा इसम धान्य आणि कॅटरिक येथे पडून असलेली कातडी यांविषयी लिहितो, पैसे तातडीने मागतो आणि रस्ते खराब असल्यामुळे जनावरांना त्रास देऊन माल आणणे टाळल्याचे कळवतो. मालाचा तपशील, रक्कम आणि उशिराचे कारण पत्रात येते. मोहोर मात्र वाटेत गाठ कोणी सोडलेली नाही एवढीच हमी देते. लेख आणि मोहोर एकत्र वाचल्याखेरीज त्या वाहतुकीचे पूर्ण रूप कळत नाही.