साखर माणशी किती? हिशेब दोन बेटांचा आणि आपल्या डब्याचा

महिन्याच्या सामानाच्या यादीत साखर किती लिहिता तुम्ही? चार किलो? पाच किलो? आणि ती माणशी किती पडते, हे कधी मांडून पाहिलंय? बहुतेक जणी म्हणतील, छे बाई, डबा संपला की भरायचा, एवढंच ठाऊक. पण मधुमेह घराघरांत शिरतो आहे, तेव्हा हा हिशेब आता आपणच मांडायला हवा. त्यात फसगत कशी होते, ते आधी दोन बेटांवर जाऊन पाहू.

पहिलं मॉरिशस. ते आपल्याला तसं परकं नाही. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारानं मजूर नेले गेले, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. ती उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा ठरला. गणेशचतुर्थीला आजही तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मळे आता कमी झाले, साखर कारखाने तीनच उरले. तरी वर्षाला अडीच लाख टनांच्या आसपास साखर निघते. वस्ती साडेबारा लाखांची. भागाकार केला तर माणशी वर्षाला दोनशे किलो, म्हणजे रोज अर्धा किलोच्या वर! एवढी कोण खाणार? बहुतेक साखर परदेशी जाते.

दुसरं मालदीव. लहान लहान बेटांचा पुंजका, उसाची शेती नाहीच. घरचा गोडवा म्हणाल तर माडाचा रस आटवून केलेला पाक. साखर मात्र सगळी बोटीनं येते.

आता सांगा, माणशी साखर कुठे जास्त? पिकतं तिथेच ताटात जास्त पडतं, असं मुळीच नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना हिशेब करते तो असा: देशात तयार झालेली साखर, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, गोदामातला साठा कमी-जास्त झाला तो धरायचा आणि उरलेल्याला लोकसंख्येनं भागायचं. गूळ आणि मधही यात मोजतात, गुळाला सूट नाही. येतो तो आकडा पुरवठ्याचा, पोटात गेलेल्या साखरेचा नव्हे. बाजारातून घरात आल्यावर सांडलं-लवंडलं, पाक बिघडून टाकून दिला, ते सारं त्यातच.

मालदीवची गंमत तर पुढेच आहे. तिथे राहणारे पाच लाखांच्या आसपास, पण अलीकडे वर्षाला वीस लाखांच्या घरात पर्यटक येतात. त्यांच्या चहा-सरबताची साखर वेगळी काढली नाही, तर ती तिथल्या गृहिणीच्या नावावर पडते. शेगावात राहणाऱ्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. प्रगटदिनाला घरी पाहुण्यांची रीघ लागली, की त्या महिन्याच्या साखरेवरून घरातल्यांचं खाणं मोजता येतं का?

आपला बुलढाणा जिल्हा आकारानं मॉरिशसच्या पावणेपाच पट, पण साखरेच्या बाबतीत मालदीवच्या जवळचा. मुलूख कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारीचा. दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना निघाला होता, तोही बंद पडला. खामगावच्या नाहीतर मलकापूरच्या वाण्याकडचं पोतं बहुतेक बाहेरच्या जिल्ह्यातलंच असतं. उलट आपल्याकडची काही कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला घरदार सोडून जातात. मॉरिशसला गेलेल्यांची आठवण व्हावी असंच हे जाणं.

तर आता डबा काढा. घरात पाच माणसं, महिन्याला पाच किलो साखर. माणशी रोज तेहेतीस ग्रॅम झाली. पण सासूबाईंना मधुमेह आहे, त्या साखर घेत नाहीत. मग भागायचं चारानं, आणि आकडा होतो बेचाळीस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमीच वरच्या साखरेतून यावेत, पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर उत्तम. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला हे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. आपला चहा तीन वेळा, दर खेपेला दोन चमचे, म्हणजे तीस ग्रॅम तिथेच संपले! बिस्किटं, गोळ्या, बाटलीतली सरबतं डब्याच्या हिशेबात नाहीतच. पुरणाच्या दिवशीचा गूळ तर आपण साखरेत धरतच नाही.

मॉरिशसमध्ये २०२१ च्या सरकारी पाहणीत साधारण पाच प्रौढांमागे एकाला मधुमेह आढळला. दोष एकट्या साखरेचा नाही. बैठी कामं आणि घराण्यातून आलेली प्रवृत्तीही आहेच. पण यांतलं आपल्या हातात काय आहे, तर चमचा.

तेव्हा या महिन्यात एवढंच करा. डबा भरला ती तारीख झाकणावर कागद चिकटवून लिहा. पाहुण्यांसाठी आणि सणासाठी साखर वेगळ्या बरणीत काढा. गूळ त्याच कागदावर मांडा, बिस्किटांचे पुडेही. डबा संपला त्या दिवशी भागाकार करा, आणि घरात साखर खरंच खाणाऱ्या तोंडांनीच भागा. मुलांचा वाटा वेगळा लिहिलात तर फारच बरं, कारण त्यांची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी असते आणि बिस्किटाच्या पुड्यावर पहिला हात त्यांचाच पडतो.