अनुदान : शब्द आणि व्यवहार (राहुरी तालुक्याच्या संदर्भात)

राहुरी तालुक्यात मुळा धरणाच्या कालव्यांखाली ऊस होतो. वांबोरीच्या उपबाजारात कांद्याची मोठी उलाढाल चालते. येथील शेतकऱ्यास सरकारकडून नाना कारणांनी रक्कम मिळते, आणि व्यवहारात तिला सरसकट ‘अनुदान’ म्हटले जाते. परंतु या एका नावाखाली निरनिराळे व्यवहार दडलेले आहेत. त्यांचा उलगडा केल्याखेरीज अनुदान कोणास मिळते व कोण त्यावाचून राहतो, हे नीट ध्यानात येत नाही.

यापूर्वीचा रूढ शब्द ‘तगाई’ हा होय. १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वये विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणे व बैल यांसाठी सरकार जे कर्ज देई, ते तगाई. शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘बळ देणे’. मराठीतील ‘कुवत’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. तगाई ‘काढली’ जाई आणि ‘फेडली’ जाई. दोन्ही क्रियांचा कर्ता शेतकरीच असे.

‘अनुदान’ या शब्दाबरोबर वाक्यरचना पालटते. अनुदान ‘मिळते’, ‘येते’. बोलीत तर ‘खात्यावर पैसे पडतात’. शेतकरी येथे कर्ता न राहता चतुर्थीत जातो. ‘अनु’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘मागाहून’ असा आहे, आणि ठिबक सिंचनाच्या अनुदानास तो अक्षरशः लागू पडतो. प्रथम पूर्वसंमती, मग स्वखर्चाने संचाची खरेदी, त्यानंतर पाहणी आणि अखेरीस रक्कम, असा तो क्रम आहे. मापदंडानुसार येणाऱ्या खर्चाच्या ५५ टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांस व ४५ टक्के इतरांस देय असून राज्य त्यात भर घालते. तरीही ज्याच्यापाशी आरंभी गुंतविण्यास पैसा नाही, त्यास या टक्केवारीचा उपयोग थोडाच.

तिसरा प्रकार ‘सन्मान निधी’चा. २०१९ साली जाहीर झालेल्या केंद्राच्या योजनेत वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांत दिले जातात. २०२३ साली राज्याने तितक्याच रकमेची जोड दिली. येथे ना खरेदीची अट, ना पिकाची. मात्र १ फेब्रुवारी २०१९ रोजी भूमिअभिलेखात नाव असणे, ही केंद्राच्या योजनेची मूळ अट आहे.

मुख्य प्रश्न येथेच उद्भवतो. ‘शेतकरी’ या शब्दातील ‘करी’ हा अंश ‘वारकरी’, ‘कामकरी’ यांतल्याप्रमाणे क्रिया करणाऱ्याचा वाचक आहे. शेत करतो तो शेतकरी. दप्तर मात्र ‘खातेदार’ ओळखते. सातबाऱ्यातील नमुना सात हक्क सांगतो, नमुना बारा पीक सांगतो. आणि रक्कम बहुधा साताच्या मागे जाते. २०२३ साली कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, असे अनुदान जाहीर झाले. ते विकलेल्या मालावर होते. तथापि विक्रीपट्टी मुलाच्या व सातबारा वडिलांच्या नावे असल्यास, संमतीचे शपथपत्र घेऊन रक्कम सातबारा ज्याच्या नावे त्याच्याच खात्यात जमा करावयाची होती. पितापुत्रांत हे निभावून जाते.

वाटेकऱ्याचे तसे नाही. १९४८ च्या कूळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्यास मालकीचा मार्ग खुला केला. त्यानंतर ‘कूळ लागेल’ या धास्तीने वाट्याचे करार पुष्कळदा तोंडीच होऊ लागले. कसणाऱ्याच्या हितासाठी केलेल्या कायद्यानंतर पुढला कसणारा कागदावरून असा नाहीसा झाला. बी, खत व मजुरी यांचा भार त्याने वाहावा आणि अनुदान मालकाच्या खात्यावर पडावे, असे घडते ते त्यामुळेच. वाटणीच्या वेळी मालकाने त्यातला हिस्सा दिला तर ती त्याची मर्जी.

म्हणून कोणत्याही अनुदानाचा विचार करताना, रक्कम किती हे पाहण्यापूर्वी, त्या योजनेतील ‘शेतकरी’ या शब्दाचा वाच्यार्थ कोण, हे पाहणे अगत्याचे आहे.