एक विषाणू, बंद पडलेली मज्जा आणि सिकलसेलचं मूल

नौपाड्यातून आज जरा हाडांच्या आत डोकावूया. विषाणू म्हटलं की आपल्याला सर्दी-खोकला आठवतो. पण एक विषाणू थेट अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये घुसतो. त्याचं नाव पार्व्होव्हायरस बी१९. १९७५ साली लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट आणि सहकाऱ्यांना रक्ताचे नमुने तपासताना तो सापडला. नमुना होता 'बी' संचातला १९ क्रमांकाचा, म्हणून हे नाव.

मज्जेत तांबड्या पेशी सतत तयार होत असतात. त्यांच्या कोवळ्या पेशींवर 'पी अँटिजेन' असतं, त्यालाच धरून विषाणू आत शिरतो. मग पेशीचं रूपच बदलतं. ती अवाढव्य फुगते, आणि तिच्या केंद्रकात विषाणूंचा साठा डागासारखा दिसतो. शेवटी ती मरते. त्यामुळे पुढच्या टप्प्यातल्या पेशी मज्जेत जवळजवळ दिसतच नाहीत.

थोडक्यात काय, तर आठवडा-दहा दिवस तांबड्या पेशींचं काम ठप्प! तरी धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही, कारण आपली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या साठ्यावर भागतं. मुलांचे गाल लाल होतात, अंगावर पुरळ येतं, एवढंच.

सिकलसेलच्या रुग्णाचं तसं नाही. त्याची पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. मज्जा थांबली की हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीवर येतं. याला 'अप्लास्टिक क्रायसिस' म्हणतात. त्यामागे हाच विषाणू आहे, हे १९८१ मध्ये कळलं.

हे आपल्यापासून लांब नाही बरं का. २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल आहे. नंदुरबार, गडचिरोलीतही आहे.

म्हणून अशा मुलाला ताप आला आणि ते एकाएकी पांढरंफटक पडलं, धाप लागली, तर वाट बघू नका. हिमोग्लोबिनसोबत रेटिक्युलोसाइट काउंटही करायला सांगा. रेटिक्युलोसाइट म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तांबड्या पेशी. त्या जवळपास नसतील, तर मज्जा थांबलीय. अशा वेळी रक्त चढवलं की बहुतेक मुलं सावरतात, कारण तोवर शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि मज्जा पुन्हा कामाला लागते. घरात सिकलसेल असलेलं दुसरं भावंड असेल, तर त्याचंही रक्त तपासून घ्या. संसर्ग घरात सहज पसरतो.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!