सवलत तालुक्याची, ‘स्थानिक’ राज्याचा

मुंबई-ठाणे पट्ट्यात दाटलेले उद्योग मागास भागांकडे वळावेत, या हेतूने महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. त्यापूर्वी १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते. महामंडळाने भूखंड, रस्ते व पाणी पुरवावे आणि शासनाने करात सूट द्यावी, अशी ही व्यवस्था. मुरबाडची औद्योगिक वसाहत हे याच धोरणाचे अपत्य होय. शहापूर तालुक्यात आसनगावच्या परिसरात रेल्वे व महामार्ग यांच्या आधाराने कारखाने उभे राहिले. म्हणजे कारखाना आला. परंतु त्याने तालुक्याला बरोबर घेतले काय?

येथे धोरणातील एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. सवलत किती द्यावयाची हे तालुक्याच्या मागासलेपणावरून ठरते. त्यासाठी तालुक्यांची वर्गवारीच केलेली आहे. सवलतीच्या बदल्यात ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट आहे. मात्र ‘स्थानिक’ म्हणजे राज्यात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती! सांगलीचा वा जळगावचा तरुण मुरबाडमध्ये स्थानिक ठरतो. त्यात त्याचा काहीच दोष नाही. परंतु टोकावड्याच्या वा डोळखांबच्या दारिद्र्यावर मिळालेली सूट त्या गावांना एकही नोकरी न देता पचवता येते.

अनुसूचित क्षेत्रात संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे मोडतात. दिवाळी उलटली, भाताची कापणी आटोपली की येथील कातकरी कुटुंबे उचल घेऊन मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. वसाहतीच्या फाटकावरून जाणारी ही वाट अद्याप बंद झालेली नाही. (भातसा व तानसा यांचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हेही त्याच जातीचे अर्थशास्त्र!)

अर्थतज्ज्ञ हर्शमन यांनी १९५८ मध्ये उद्योगांच्या मागच्या-पुढच्या दुव्यांचे महत्त्व सांगितले होते. कच्चा माल ट्रकमधून बाहेरून यावा, तयार माल बाहेरच जावा आणि कुशल कामगार संध्याकाळी कल्याण-बदलापूरला परतावा, अशा कारखान्याचे गावाशी दुवे जुळावेत तरी कोठे? गावाच्या वाट्याला येते ती बहुधा कंत्राटी हमाली आणि पहारा. अर्थात काहीच घडले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रस्ते सुधारले, दुकाने वाढली, जमीन व थोडे शिक्षण ज्यांच्यापाशी होते त्यांची घरे सावरली. ज्यांच्यापाशी दोन्ही नव्हते, ते होते तेथेच राहिले.

दक्षिण कोरियाने साठ-सत्तरच्या दशकांत उद्योगांना स्वस्त कर्जे दिली, पण निर्यातीचे आकडे मागून दिली. आपल्याकडेही २०१७ नंतर प्रोत्साहनाची रक्कम प्रामुख्याने राज्याच्या वस्तू व सेवा करातून परत दिली जाते. तिचा काही हिस्सा त्याच तालुक्यातील कायम कामगारांच्या संख्येशी बांधता येईल. ती संख्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवरून पडताळता येते. अशाने उद्योग शेजारच्या प्रदेशात जातील, ही भीती निराधार नव्हे. दादरा-नगर हवेलीतील करसवलतींनी एके काळी ते ओढले होतेच. म्हणून ही अट सरसकट न लादता तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुले शिकवून घेणाऱ्या कारखान्यास अधिक परतावा द्यावा. निदान ‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्या तालुक्यापर्यंत खाली आणण्यास तर तिजोरीतून एक पैसाही लागत नाही.