पंख्याविना वारा

सकाळी 7. शिवऱ्यात महामार्गालगत शेड असली की दिवस फडक्यापासूनच सुरू होतो. पुणे-सातारा रस्त्याची धूळ रात्रभर बसलेली असते. टेबलावरची पुसता येते, कंट्रोल पॅनेलच्या पोटातली नाही. दुरुस्तीला येणाऱ्या पॅनेलांची तऱ्हा बहुधा एकच: फिल्टर बुजलेला, पंख्याचं बेअरिंग घासलेलं, आत मोटर चालवणारा ड्राइव्ह तापलेला. कपॅसिटर 10 अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून मला बाहेरची हवा न ओढणारा वारा हवा आहे.

8.30. टेबलावर बंद डबी. मागे स्पीकरचा पडदा, पुढे काही मिलिमीटरचं भोक. पडदा मागे गेला की हवा आत, पुढे आला की बाहेर. शेजारच्या वर्कशॉपातला पोरगा विचारतो, "काका, घेतली तेवढीच सोडली, मग वारा येतो कुठून?" मी उदबत्ती लावतो. धूर भोकाच्या आजूबाजूने आत खेचला जातो आणि समोर सरळ फेकला जातो. फुंकर मारली की दिवा विझतो, हवा ओढून विझत नाही, हे तसंच. बाहेर पडणारी हवा कडेशी गुंडाळून कडं होऊन सुटते, पडदा मागे फिरेपर्यंत लांब गेलेली असते, जाताना भोवतालची हवाही सोबत घेते. पोरगा दुसरी उदबत्ती लावतो.

10 ते 1. तापवलेली पट्टी, मागे तापमान मोजणारं थर्मोकपल. अंतर बदलायचं, तापमान स्थिरावेपर्यंत हात बांधून थांबायचं, मगच वहीत आकडा. या थांबण्यातच कामाचा खरा भाग आहे. भोक पट्टीच्या फार जवळ नेलं की झोत स्वतःच तापवलेली हवा परत गिळतो. फार लांब नेलं की जोर सरतो. मधली जागा शोधायची.

अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या बार्टन स्मिथ आणि आरी ग्लेझर यांनी असा झोत कसा घडतो ते 1998 मध्ये मांडलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत मंगेश चौधरी, भालचंद्र पुराणिक आणि अमित अग्रवाल यांच्या 2010 च्या शोधनिबंधात नुसत्या स्थिर हवेच्या तुलनेत उष्णता वाहून नेण्याचा गुणांक 11 पटींपर्यंत वाढलेला दिसतो. तुलना पंख्याशी नाही, आणि 11 ही कमाल आहे. तरी चिपएवढ्या जागेसाठी मला हा आकडा फार मोलाचा वाटतो.

2.00. लाईट गेली. पट्टी थंड, पुन्हा पहिल्यापासून.

4.30. आता डबी बंद पॅनेलमध्ये. इथे भाबडेपणा चालत नाही: झोत उष्णता चिपवरून उचलून आतल्या हवेत टाकतो, ती नाहीशी करत नाही. ती पत्र्यातून बाहेर जायलाच हवी. म्हणून दाराच्या बाहेरच्या अंगाला अॅल्युमिनियमच्या पंखांचा हीटसिंक बसवला, आणि आतल्या झोताचं तोंड त्याच्या बैठकीकडे वळवलं. धूळ बाहेरच राहते, हे मोठं सुख.

6.00. राहिली गुणगुण. स्पीकरचा आवाज माणसाच्या कानाजवळ दिवसभर नको, आणि त्याची जाडीही पॅनेलमध्ये सोसत नाही. स्पीकरच्या जागी पातळ पिझो चकती, म्हणजे वीज दिली की थरथरणारी, लावून पाहायची. पोरगा उद्या पुण्यात जाणारच आहे. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून दोन-तीन व्यासांच्या आण म्हणून चिठ्ठी लिहून दिली.