पाच पायांचा पॉट

ट्रान्झिस्टर रेडिओचं चाक डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं की 'टक्' व्हायचं आणि रेडिओ बंद. पुन्हा उजवीकडे वळवलं की तोच खटका, आणि मग हळूहळू चढत जाणारा आवाज. आवाज कमी-जास्त करणारा पॉट आणि सेल चालू-बंद करणारा स्विच एकाच दांड्यावर बसवलेला हा सुटा भाग महाराष्ट्रातल्या प्रत्येक रेडिओ मेकॅनिकच्या डब्यात असायचा. रेडिओ गेले, दुकानं मोबाइलची झाली, पण तो भाग टिकून राहिला. घरच्या घरी गिटारची इफेक्ट पेडलं बनवणारी मुलं आज तोच मागवतात, आणि बहुतेकदा पहिल्याच जोडणीत अडतात.

मुंबईच्या संगीताच्या इतिहासात या खटक्याची एक ठळक जागा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधून एक तबकडी काढली. त्यासाठी वापरलेल्या तीन जपानी यंत्रांपैकी एक होतं रोलँडचं टीबी-३०३. या छोट्या चंदेरी पेटीला चालू करायचं वेगळं बटण नाही. व्हॉल्यूमचा खटका फिरवला की ती जागी होते. पाच वर्षांनी शिकागोतल्या तरुणांनी याच यंत्रातून 'ॲसिड हाउस' नावाचं संगीत उभं केलं. मुंबईच्या तबकडीकडे जगाचं लक्ष गेलं ते २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर.

गिटारच्या पेडलची गोष्ट मात्र बिघाडातून सुरू होते. १९६१ मध्ये गाजलेल्या नॅशव्हिलच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटून भुंग्यासारखा आला. तो लोकांना आवडला. पुढच्याच वर्षी हाच फाटका आवाज मुद्दाम काढणारं 'माएस्ट्रो फझ-टोन' बाजारात आलं. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये 'फझ फेस' आलं. त्याच्या आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, एवढाच संसार. त्यामुळे नवशिके आजही पहिलं पेडल म्हणून हेच निवडतात, आणि ते योग्यच आहे. इतक्या थोड्या भागांत इतका मोठा आवाज देणारं दुसरं सर्किट सापडणं कठीण.

आता या पेडलला खटक्याचा पॉट लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं? दांडा स्वतःकडे आणि पाय खाली धरून पॉट बघितला, तर समोर तीन पाय दिसतात. डावीकडचा आणि उजवीकडचा हे कार्बनच्या पट्टीचे दोन शेवट. मधला त्या पट्टीवरून सरकणाऱ्या स्पर्शकाचा. व्हॉल्यूमसाठी डावा पाय ग्राउंडला, उजव्यावर सर्किटमधून येणारा सिग्नल, आणि मधल्यावरून बाहेर जाणारा आवाज. मागच्या डबीवर आणखी दोन पाय असतात, ते खटक्याचे. पुढच्या तिघांशी त्यांचा विजेच्या दृष्टीने काहीच संबंध नाही. एक दांडा दोघांनाही फिरवतो, एवढंच नातं. ही गोष्ट हाताला कळली की पुढचं सगळं सोपं होतं.

खात्रीसाठी मल्टिमीटर पुरतो. मागच्या दोन पायांवर पिना टेकवायच्या. दांडा वळवल्यावर बीप वाजली की खटका ठीक. पुढच्या टोकाच्या दोन पायांवर रेझिस्टन्स मोजायचा. दांडा कुठेही असला तरी आकडा तोच राहिला पाहिजे. गडबड होते ती पेटी उलटी करून सोल्डर मारताना. मागून बघताना डावं-उजवं फिरतं, टोकाच्या तारांची अदलाबदल होते, आणि मग आवाज सगळ्यात मोठा असतानाच खटका पडून पेडल बंद होतं. हे लक्षण दिसलं की बाकी काही तपासत बसू नये; आधी त्या दोन तारा बदलाव्यात.

दुसरी अडचण किमतीची, म्हणजे ओहमच्या आकड्याची. रेडिओतून काढलेला पॉट बहुधा ५ किंवा १० किलोओहमचा निघतो, आणि फझ फेसचा व्हॉल्यूम ५०० किलोओहमचा आहे. त्याच्या आधी ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो आणि पॉट मिळून एक चाळणी तयार होते. पॉट ५०० चा असताना ही चाळणी ३२ हर्ट्झच्या खालचंच अडवते, म्हणजे गिटारच्या ८२ हर्ट्झच्या सर्वांत जाड तारेला धक्का लागत नाही. तिथे १० चा पॉट बसवला की ही सीमा थेट १,६०० हर्ट्झवर जाते. चोवीस पडद्यांच्या गिटारवरचा सर्वांत उंच सूरही १,३०० हर्ट्झच्या आसपास असतो! सगळा जीव गळून पडतो आणि पत्र्याची चिरचिर उरते. उपाय मात्र किरकोळ खर्चाचा आहे: कपॅसिटर जवळपास पन्नास पट मोठा, ०.४७ मायक्रोफॅरडचा घालायचा. फझ फेसचा सिग्नल जिथून बाहेर निघतो तिथे ४७० ओहमचाच रेझिस्टर आहे, त्यामुळे १० किलोओहमचं ओझं ते सर्किट सहज पेलतं. जुना रेडिओ अशा रीतीने खरोखर कामी येतो.

पेडलमध्ये हा खटका लागतोच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक पेडलांत सेलचा स्विच गिटारच्या सॉकेटमध्येच दडलेला असतो. सॉकेट स्टीरिओ घेतात, सेलचं ऋण टोक त्याच्या मधल्या पत्तीला जोडतात; गिटारची मोनो पिन आत गेली की ती पत्ती ग्राउंडला टेकते आणि वीज सुरू होते. युक्ती देखणी आहे, पण पिन खोचलेली राहिली की सेल उगाच उतरत राहतो. पायाने पेडल बायपास केलं तरी सेल चालूच राहतो. सेलच्या तारेत खटका घातला की हा प्रश्न सुटतो. तो व्हॉल्यूमवरच असावा, कारण तिथे शून्य म्हणजे तसाही आवाज नसतोच. आवाज किती फाटावा हे ठरवणाऱ्या 'फझ'च्या पॉटवर बसवला आणि वादकाने भर कार्यक्रमात फझ कमी करता करता खटका पाडला, तर गिटार मुकी होते.

हाच खटका सिग्नलच्या वाटेवर घालायचा मोह अनेकांना होतो. तिथे विचार करावा. 'रॅट' पेडलचं फिल्टर डावीकडे नेलं की आवाज उजळतो. त्या टोकाला फिल्टर काढून टाकणारा खटका बसवणं सुचतं खरं, पण १.५ किलोओहम आणि ३.३ नॅनोफॅरडच्या हिशेबाने तिथे सीमा आधीच ३२ किलोहर्ट्झवर, कानाच्या पल्याड गेलेली असते. खटका पडतो, फरक शून्य. 'बिग मफ' पेडलचं तसं नाही. त्याचा टोन मधले स्वर खातो, आणि तो टोनच वगळायचा स्विच कंपनीनेही १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिला होता. इथे खटका हवाच, पण डाव्या टोकाचा नव्हे. दांडा वर ओढून चालणारा पुश-पुल घ्यावा, म्हणजे टोन कुठेही असला तरी तो वगळता येतो.

मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनने 'बॅरन समेदी', 'गॉडईटर' अशी पेडलं बनवून परदेशातल्या वादकांपर्यंत पोचवली आहेत. सुटे भाग घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली ही जुनी ठिकाणं. पण शहराबाहेरचं उदाहरण घ्या: नेवासे तालुक्यातलं घोडेगाव अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर आहे. कांद्याचा बाजार आणि शनिशिंगणापूरचा फाटा ही त्याची ओळख. अशा गावातल्या मुलाला गिटार सहज मिळेलच असं नाही, पण गिटारवाचूनही हे काम अडत नाही. मिरवणुकीतला बँजो, म्हणजे १९१२ मध्ये नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतोचा भारतीय वंशज बुलबुल तरंग, पोलादी तारांचा आहे. त्याच्या तारांजवळ चुंबकीय पिकअप बसवला की फझ फेसला गिटार आणि बँजो यांत फरक कळत नाही. शिवाय मिरवणुकीत वीज जनरेटरची असते, आणि स्वस्त ॲडॅप्टरमधून तिची घरघर थेट स्पीकरपर्यंत पोचते. नऊ व्होल्टच्या सेलवर ती घरघर नाही, म्हणून तिथे सेल वाचवणारा खटका खरा उपयोगाचा.

फक्त एक काम नीट करावं. खटका पाडायला साध्या पॉटपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे नट थोडा सैल असला की दांड्याबरोबर पॉटची डबीही फिरते आणि मागच्या तारा पिळवटून तुटतात. पॉटच्या तोंडाशी एक बारीक पत्र्याची जीभ असते. पुष्कळ जण ती पकडीने मोडून टाकतात. ती मोडू नये. दांड्याच्या भोकाशेजारी तिच्यापुरतं दुसरं छोटं भोक पाडून ती त्यात बसवावी आणि मगच नट आवळावा.